वर्कशॉपच्या बाईंचा राग

हिंगणमाळच्या शाळेतलं वर्कशॉप बंद झालं त्या दिवशी मी तिथेच उभा होतो आणि काही बोललो नाही. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी चार जणांना नावं ठेवणार आहे, तर माझंही नाव त्यात धरा.

मी नानासो. म्हसवडच्या पुढे कोरड्या माळावर आमचं गाव आहे आणि तिथल्या हायस्कूलात मी अठरा वर्षं मराठी शिकवतोय. मुलं आसपासच्या वस्त्यांवरची, बहुतेक धनगरांची. घरी मेंढरं, जोडीला बाजरी, आता कुठे कुठे डाळिंब. शाळा चालवणारी संस्था मात्र लांबची, खाली उसाच्या पट्ट्यातली. तिचे अध्यक्ष उदयसिंह वर्षातून तीन-चारदा पांढऱ्या गाडीतून यायचे, हार घ्यायचे, भाषण करायचे आणि जाताना हेडसरांना म्हणायचे, "या पोरांना जरा माणसात आणा."

असं ते म्हणाले की आम्ही सगळे हसायचो. मीही.

संयोगिता साळुंखे शाळेत आल्या त्या वर्षी हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा ऐकलं आणि त्या हसल्या नाहीत. स्टाफरूममध्ये येऊन त्यांनी पाण्याचा तांब्या टेबलावर असा आदळला की हजेरीपटावर पाणी सांडलं. "माणसात आणा म्हणजे? आत्ता कशात आहेत ती?"

आम्ही हजेरीपट पुसायला लागलो.

बाई पाटणच्या बाजूच्या, डोंगरातल्या गावातल्या. वडील हंबीरराव फौजेच्या वर्कशॉपात सुभेदार होते, आयुष्यभर ट्रका दुरुस्त केल्या. पेन्शनीत घरी आल्यावर त्यांनी बारा वर्षांच्या पोरीच्या हातात लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा आणि कानस दिली आणि सांगितलं, "याच्या चारी बाजू काटकोनात आण." आख्खी दिवाळीची सुट्टी त्यात गेली. हाताला फोड आले. सुभेदार रोज गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची लोखंडी पट्टी, लावून बघायचे, फट दिसली की तुकडा परत द्यायचे, चांगलं म्हणायचे नाहीत, वाईटही म्हणायचे नाहीत. शेवटच्या दिवशी फट दिसली नाही तेव्हा त्यांनी तो तुकडा खिशात टाकला आणि गावातल्या दुकानात जाऊन सगळ्यांना दाखवून आले. बाई हे सांगताना कधी भावुक झाल्याचं मी पाहिलं नाही. "तेव्हा मला कळलं," एवढंच म्हणायच्या, "की काम बरोबर आहे का नाही हे सांगायला कुणाच्या तोंडाकडं बघायची गरज नसते. गुण्या लावायचा."

पुढे त्यांनी आयटीआयला फिटरचा कोर्स केला. वर्गात तीस पुरुष आणि या एकट्या. लग्न होऊन माधवनगरला गेल्या, नवरा तिथेच नोकरीला, आणि नोकरी लागली ती इथे, आमच्या माळावर. सोमवार ते शनिवार इथे भाड्याच्या खोलीत, शनिवारी दुपारच्या एसटीने माधवनगर.

आमच्या शाळेत टेक्निकल हा विषय कागदावर होता. आधीचे निदेशक निवृत्त झाल्यापासून वर्कशॉपात मोडके बाक आणि निवडणुकीच्या वेळचे रिकामे खोके पडलेले. हेडसरांनी पहिल्याच दिवशी बाईंना सुचवलं, "मुलींना शिवण घ्या. मुलांना आवार झाडायला लावा. तास भरल्याशी कारण."

"शिवण मुलांनाही यायला पाहिजे," बाई म्हणाल्या. "पण मी फिटर आहे सर. मी लोखंड शिकवणार."

आठ दिवस त्यांनी स्वतः बाक उचलले. मग व्हाइसमधला, म्हणजे तुकडा घट्ट धरणाऱ्या लोखंडी पकडीतला, गंज काढला, कानशी ब्रशने घासल्या, भिंतीवर खिळे मारून प्रत्येक हत्याराची जागा ठरवली आणि त्या जागी खडूनं त्याचा आकार काढला. हत्यार परत आलं नाही की भिंतीवर नुसता आकार दिसायचा. मग त्या दारात उभ्या राहायच्या आणि कुणी बाहेर जायचं नाही. ओरडायच्याही. त्यांचा आवाज माझ्या वर्गापर्यंत यायचा आणि मी समास शिकवताना थांबायचो. खोटं कशाला सांगू, मला तेव्हा त्या आवडत नव्हत्या.

त्यांच्या तासाची एक पद्धत होती. केलेली वस्तू घेऊन मुलानं सगळ्यांपुढे उभं राहायचं आणि काय करायला घेतलं होतं, काय झालं आणि कुठे चुकलं ते सांगायचं. कुठे चुकलं हे सांगितल्याशिवाय खाली बसायचं नाही. चूक बाईंनी शोधायची नाही, करणाऱ्यानं सांगायची. पहिले दोन महिने मुलं रडकुंडीला आली. चूक कबूल केली की मार, हे त्यांना पहिलीपासून शिकवलेलं. आम्हीच शिकवलेलं.

साईराज नावाचा एक मुलगा नववीत होता. तापट. मागच्या वर्षी त्यानं रागानं माझ्या वर्गाची काच फोडली होती आणि मी त्याला तीन दिवस वर्गाबाहेर उभं केलं होतं. बाईंच्या तासाला त्याची कडी तिरकी झाली, पोरं हसली, आणि त्यानं हातोडी भिंतीवर फेकली. मी काही निरोप घेऊन दारात आलो होतो; मला वाटलं आता याची खैर नाही. बाईंनी हातोडी उचलली, दांडा फुटला का बघितलं आणि त्याच्याकडे दिली. "दांडा ढिला झालाय. नवीन बसव. बाभळीचा. उद्यापर्यंत."

"आन् कडी?"

"कडी तू बिघडवलीस, ती तू नीट करशील. हातोडीनं काय केलं होतं तुझं?"

त्यानं दांडा बसवला. नीट बसला नाही, पुन्हा बसवला. तिसऱ्यांदा बसला. त्यानंतर राग आला की तो वर्कशॉपच्या कोपऱ्यात जाऊन एक तुकडा घासत बसायचा. काचा फोडायचा थांबला. हे मी रजिस्टरात कुठे लिहिलं नाही, कारण प्रगतिपुस्तकात त्याला रकाना नाही.

आणि क्रांती. क्रांतीबद्दल लिहिताना मला अजून लाज वाटते. आईबाप कर्नाटकाकडे मेंढरं घेऊन फिरणारे, ती आजीजवळ, अंबूबाईजवळ, वस्तीवर राहायची. माझ्या वर्गात तीन वर्षं होती. उभी केली की उभी राहायची, तोंड उघडायची नाही. मी तिच्या प्रगतिपुस्तकात लिहिलं होतं, 'अबोल. प्रगती साधारण.' सहा सत्रं, सहा वेळा तेच. शेवटी शेवटी तर वरचं बघून खाली उतरवत होतो.

वर्कशॉपात ती पहिल्यांदा बोलली ती साईराजशी भांडताना. त्यानं पट्टी मोजून सांगितलं, साडेनऊ इंच. ती म्हणाली, "सव्वानऊ." तो म्हणाला, "गप गं, तुला काय कळतंय." तिनं टेप त्याच्या हातातून ओढून घेतली, पट्टीवर लावली आणि पुन्हा म्हणाली, "सव्वानऊ हाय. तू टेपचं टोक दाबून धरलं न्हाईस." बाई जवळ उभ्या होत्या. त्यांनी शाबासकी दिली नाही, पाठ थोपटली नाही. नुसतं म्हणाल्या, "सव्वानऊ. लिहा सगळ्यांनी."

मला हे नंतर साईराजनंच सांगितलं.

बाईंच्या दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात त्यांनी नववीला सांगितलं, आता कडी-कोयंडे पुरे. गावात जा, कुणाची काय अडचण आहे बघा आणि ती सोडवणारी एक वस्तू करा. मुलं चार दिवस वस्त्यांवर फिरली. क्रांतीनं आपल्याच घरातली अडचण आणली. चारा. आमच्याकडे चारा म्हणजे जीव. मेंढरं गव्हाणीत पाय घालतात, त्यात लेंड्या टाकतात, तुडवतात, आणि तुडवलेला चारा दुसरं मेंढरू तोंडात धरत नाही. पाटीभर टाकावा तर ओंजळभर वाया जातो. क्रांतीनं पाच दिवस रोज सकाळी आणि संध्याकाळी वाया गेलेला चारा गोळा करून तोलला होता. कुणी सांगितलं नव्हतं.

मुलांनी चित्र काढलं. लोखंडी अँगलची उभी गव्हाण, पुढे गजांची जाळी. मेंढरानं फक्त डोकं आत घालायचं, पाय नाही. पंधरा दिवस खपून केली. सगळे मिळून ती ढकलगाडीवरून अंबूबाईच्या वाड्यावर घेऊन गेले. वाडा म्हणजे मेंढरांचा, काटेरी कुंपणाचा. त्या दिवशी बाईंनी मलाही ओढून नेलं.

मेंढरांनी डोकी घातली, खाऊ लागली. मुलं नाचायला लागली. तेवढ्यात अंबूबाईच्या एडक्यानं डोकं आत घातलं आणि मागे घेताना त्याची शिंगं गजात अडकली. तो हिसडे देऊ लागला, गव्हाण उलटली, कोकरू खाली सापडता सापडता वाचलं. अंबूबाई काठी घेऊन धावली. साईराजनं आणि तिनं मिळून एडका सोडवला आणि मग ती आमच्याकडे वळली.

"माझी जनावरं काय तुमच्या शाळंचा परयोग हाय व्हय? मास्तर, तुमाला शिंगं दिसत न्हाईत? आवं आंधळ्याला सुदिक कळतंय त्ये! उचला ह्यो सांगाडा आन् व्हा चालतं!"

मी पाय मागे घेतला. संयोगिताबाई जागच्या हलल्या नाहीत. "बरोबर आहे मावशी. चुकलं आमचं. शिंगांचं माप घेतलं नाही."

"घेतलं न्हाई म्हंजी?"

"विसरलो. घेऊ द्याल का आता?"

अंबूबाई बघतच राहिली. मला वाटतं, शाळेतल्या कुणी आपली चूक कबूल केल्याचं तिनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं असावं. तिनं काठी खाली टेकली. "घ्या. पर धरायचं मी. तुमाला न्हाई धरू द्यायचा तो."

परत येताना मुलं हिरमुसलेली. क्रांती मात्र मागे राहिली होती, कुंपणाला टेकून एडक्याकडे बघत. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपात तिनं फळ्यावर स्वतःहून खडू धरला. "बाई, एडका डोकं काढताना सरळ मागं सरत न्हाई. आदी मान वर करतो, मंग मागं सरतो. गजांतली फट वर रुंद पायजे आन् खाली अरुंद. वरनं डोकं घालंल, खाली मान घालून खाईल, पाय घालायला जागाच न्हाई. निघताना मान वर केली की मोकळा."

बाईंनी तिच्या हातातून खडू घेतला नाही. "काढून दाखव."

दुसरी गव्हाण महिन्यानं तयार झाली. एडक्यानं डोकं घातलं, खाल्लं, मान वर केली, मागे सरला. अंबूबाईनं तो मागे सरेपर्यंत श्वास धरून ठेवला होता. मग म्हणाली, "उंची दोन बोटं कमी करा. कोकरांना पोचत न्हाई." मुलांनी ती कमी केली. वस्तीवरचा नाथाजी नावाचा म्हातारा आणि आणखी दोघं येऊन बघून गेले, आपल्यालाही करून देता का विचारू लागले. बाई म्हणाल्या, "करून नाही देणार. तुमची पोरं शाळेत पाठवा, ती करायला शिकतील." नाथाजीची नात दुसऱ्या आठवड्यात शाळेत परत आली. दोन वर्षं घरी होती.

आता पुढचं सांगतो. इथून मला राग आवरत नाही.

तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन जवळ आलं. बाईंनी गव्हाणीचं नाव दिलं. हेडसरांनी कागद अध्यक्षांना दाखवला आणि दुसऱ्या दिवशी उदयसिंहांचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, मी समोर बसलो होतो. "काय हेडमास्तर, पाहुण्यांपुढं मेंढराची गव्हाण ठेवता? आपल्या संस्थेची अब्रू लेंड्यांत नेऊन ठेवायची आहे का? बाकीच्या शाळा रोबो आणतात. मी पाठवतो एक."

रोबो आला. शहरातल्या कुठल्याशा दुकानातून, तयार, खोक्यात. चाकांची गाडी, पुढे काही आलं की थांबायची आणि वळायची. त्यासोबत माहितीचा तक्ता हवा होता, मराठीत, मुलांनी लिहिल्यासारखा. हेडसरांनी तो मला लिहायला सांगितला. 'आम्ही विद्यार्थ्यांनी या रोबोची रचना कशी केली.' आणि मी लिहिला. चांगला लिहिला. त्यात 'अनेक प्रयत्नांनंतर' असे शब्द घातले. मी मराठीचा मास्तर, मला खोटं सुंदर लिहिता येतं.

सादर कुणी करायचं? हेडसर म्हणाले, "ती क्रांती बोलते बरं आता. तिला पाठ करायला लावा."

बाईंना हे कळलं तेव्हा त्या हेडसरांच्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं, आख्ख्या शाळेनं ऐकलं. "दोन वर्षं मी या पोरीला शिकवलं की जे केलं ते सांग आणि जे चुकलं ते सांग. आणि तुम्ही तिला विकतच्या खेळण्यापुढं उभी करून खोटं बोलायला लावणार? तिच्या तोंडून? दुसरं कुणी मिळालं नाही तुम्हाला?"

"मॅडम, आवाज खाली."

"आवाज खालीच होता सर, दोन वर्षं. पोरांना माणसात आणा म्हणतात ते. हे असं आणायचं का?"

हेडसर म्हणाले, वरून आदेश आहे. बाई म्हणाल्या, मी पोरीला काही सांगणार नाही, ना हो ना नाही. पण पाठही करून घेणार नाही. पाठ करून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. तीन दिवस, मधल्या सुट्टीत. क्रांती माझ्यापुढे उभी राहून माझीच वाक्यं म्हणायची आणि मी तिचे उच्चार सुधारायचो. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "सर, ह्ये आमी कवा केलं?" मी म्हणालो, "पाठ कर, विचार करू नकोस." हे वाक्य मी शिक्षक म्हणून बोललो. अठरा वर्षांत याहून घाण काही बोललो असेन तर मला आठवत नाही.

प्रदर्शनात टेबलामागे क्रांती, बाजूला मी. बाई आल्या नव्हत्या, त्यांना त्या दिवशी मुद्दाम परीक्षेच्या देखरेखीला ठेवलं होतं. परीक्षक म्हणून एक वयस्कर गृहस्थ आले. क्रांतीनं पहिली चार वाक्यं घडाघडा म्हटली. ते म्हणाले, "छान. आता हे सांग, करताना कुठं चुकलं?"

बिचाऱ्यांनी सहज विचारलं असेल. पण त्या पोरीला दोन वर्षं रोज हाच प्रश्न विचारला गेला होता. तिनं रोबोकडे बघितलं, तक्त्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, पुढे म्हण अशी. तिनं तोंड वळवलं.

"ह्यात आमचं काय चुकलं न्हाई, कारण ह्ये आमी केलंच न्हाई. इकत आणलंय. आमी गव्हाण केलीय. ती आणू दिली न्हाई. तिच्यात लय चुका झाल्या, त्या सांगू का?"

आणि तिनं सांगितल्या. शिंगांचं माप, एडक्याची मान, दोन बोटं उंची, सगळं. मोठ्या आवाजात. शेजारच्या टेबलांवरची मुलं जमली. परीक्षकांनी चष्मा काढला, पुन्हा घातला, कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला म्हणाले, "सर, हा तक्ता कुणी लिहिला?"

मी म्हणालो, "मी."

आमच्या शाळेचं नाव स्पर्धेतून काढलं. चार दिवसांनी उदयसिंह आले, या वेळी हार न घेता. ऑफिसात हेडसर, मी, संयोगिताबाई, क्रांती, आणि तिच्याबरोबर न बोलावता आलेली अंबूबाई. अध्यक्षांनी ठरवून आणलं होतं: क्रांतीनं सोमवारी परिपाठाला सगळ्यांपुढे माफी मागायची आणि तसं लेखी द्यायचं. मजकूर नानासो सर सांगतील.

"कशाबद्दल माफी?" बाईंनी विचारलं.

"शाळेची बदनामी केल्याबद्दल."

"बदनामी खोक्यातून आली होती. ती तुम्ही पाठवली होती."

"मॅडम, तुम्ही नोकर आहात संस्थेच्या!"

"आहे. फिटर म्हणून. खोटं बसवून द्यायला नाही."

अंबूबाई इतका वेळ दाराशी उभी होती. ती पुढे आली. "सायेब, माझी नात तीन वर्सं तुमच्या शाळंत मुकी होती. तवा न्हाई कुणी बोलावलं मला. आता बोलाया लागली तर माफी? कशाला मागंल ती? तुमी मागा की."

उदयसिंहांचा चेहरा लाल झाला. त्यांनी माझ्याकडे कागद सरकवला. "लिहा सर."

पेन माझ्या हातात होतं. मी क्रांतीकडे बघितलं नाही, हिंमत नव्हती. म्हणालो, "माझ्याच्यानं नाही होणार." आवाज इतका बारीक निघाला की हेडसरांनी "काय?" विचारलं. मला पुन्हा म्हणावं लागलं. यात शौर्य काही नव्हतं. तक्ता लिहायला सांगितला तेव्हाच मला हे म्हणता आलं असतं.

माफी झाली नाही. पण शिक्षा झाली, ती वर्कशॉपला. वार्षिक परीक्षा संपली आणि त्याच आठवड्यात कुलूप लागलं. तिथे स्पर्धा परीक्षांचा फाउंडेशन क्लास होणार होता, बॅनर आधीच छापून आला होता. कामगारांनी व्हाइस उखडले. हत्यारं पोत्यांत भरून स्वच्छतागृहामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये फेकली. भिंतीवरच्या खडूच्या आकारांवर चुन्याचा हात फिरला. बाई माधवनगरला गेल्या होत्या. मी व्हरांड्यात उभा होतो आणि, सुरुवातीलाच सांगितलं, काही बोललो नाही.

जूनमध्ये बाई आल्या, शेडमध्ये गेल्या. गळक्या पत्र्यातून पाणी येऊन सगळ्या कानशी तांबड्या झाल्या होत्या. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी असेल असं मला वाटलं. नव्हतं. त्यांनी गंजलेली एक कानस हेडसरांच्या टेबलावर ठेवली. "दहावीची एकोणीस मुलं आहेत. विषय त्यांनी आठवीपासून घेतलाय. वर्ष पुरं केल्याशिवाय मी इथून हलत नाही. जागा द्या नाहीतर मी तुमच्या या खोलीत शिकवते."

हेडसर टाळाटाळ करू लागले. मग एकोणीस घरांतली माणसं आली. अर्ज घेऊन. तो अर्ज क्रांतीनं लिहिला होता, स्वतःच्या शब्दांत, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला. मी तो दुरुस्त केला नाही. अंबूबाईचा अंगठा सर्वांत वर होता. ती हेडसरांना म्हणाली, "आमी हितंच बसतो. मेंढरंबी आणतो हवं तर." त्यांनी सायकलस्टँड दिला.

त्या स्टँडात वर्षभर वर्ग भरला. पहिले तीन आठवडे मुलांनी नुसता गंज काढला, रॉकेल आणि तारेच्या ब्रशनं. काही कानशी वाचल्या, काही नाही. ऊन आलं की बाक सरकवायचे, वारा आला की माती झटकायची. शेजारच्या खोलीत फाउंडेशन क्लासचा पंखा चालायचा आणि आत सहा मुलं बसलेली असायची. साईराजनं एकदा त्या बॅनरकडे बघत मूठ आवळली. मग व्हाइसमध्ये तुकडा लावला आणि घासायला लागला.

प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. सांगलीकडचे होते, घाईत होते, संध्याकाळची गाडी पकडायची होती. पहिलाच मुलगा पुढे आला आणि त्यांनी काही विचारायच्या आत म्हणाला, "सर, उजव्या बाजूला अर्धा मिलिमीटर जास्त घासलं गेलंय. माझा हात तिकडं झुकतो." दुसरी मुलगी आली, तिनंही आपली चूक आधी सांगितली. पाचव्या मुलापर्यंत परीक्षकांनी घड्याळ बघणं सोडलं. शेवटी ते बाईंना म्हणाले, "मॅडम, ही मुलं मार्क कापून घ्यायला स्वतःच मदत करतायत."

"मार्क कापा," बाई म्हणाल्या. "त्यांना चालतं. कुठं चुकलं ते त्यांना तुमच्या आधी माहीत आहे."

एकोणीसच्या एकोणीस पास झाली. विषय बंद झाला. संयोगिताबाईंनी राजीनामा दिला आणि माधवनगरला जाऊन एका छोट्या खाजगी संस्थेत फिटरचा वर्ग घेऊ लागल्या. निरोपसमारंभाला हेडसरांनी नारळ आणि शाल आणली होती. त्या आल्याच नाहीत.

क्रांती डिप्लोमाला गेली, मेकॅनिकलला. पहिल्या आठवड्यात तिथल्या सरांचं माप चुकलं आणि तिनं भर वर्गात सांगितलं म्हणून तिला बाहेर काढलं, असं साईराज हसत सांगत होता. मला हसू आलं नाही. तिला आयुष्यभर असं कितीदा बाहेर काढतील, हा हिशोब मला करवत नाही.

फाउंडेशन क्लास आठ महिन्यांत बंद पडला. खोलीला आता कुलूप आहे. परवा संस्थेचा कागद आला: नव्या धोरणानुसार मुलांच्या हाताला कौशल्य द्यायचं आहे, तरी शाळांनी 'कौशल्य कक्ष' सुरू केल्याचा फोटो पाठवावा. हेडसर म्हणाले, कुलूप उघडा, पाच मुलं उभी करा, फोटो काढा. मग माझ्याकडे वळले. "सर, खाली चार ओळी लिहून द्या."

मी नाही म्हणालो. या वेळी आवाज ऐकू गेला. फोटो दुसऱ्या कुणीतरी काढला, ओळी दुसऱ्या कुणीतरी लिहिल्या.

संध्याकाळी मी बाईंना फोन लावून हे सांगितलं. मागे यंत्राचा आवाज येत होता. मी विचारलं, "बाई, एवढी वर्षं झाली, राग गेला का नाही?"

"कशाला जाईल?" त्या म्हणाल्या. "ती पोरं तिथंच आहेत ना अजून? वर्कशॉप उघडा, मग विचारा मला." आणि मग फोन तोंडापासून लांब धरून त्या कुणावर तरी ओरडल्या, "अगं, कानस अशी धरतात का? बोट जाईल!" फोन कट झाला.